आजारांना डॉक्टरांची नावं: ठेवावीत की काढावीत?

मध्यमा

आजार पहिल्यांदा नोंदवणाऱ्या डॉक्टरचं नाव त्या आजाराला चिकटवण्याची पद्धत आता मोडीत काढावी, असं माझं ठाम मत आहे. पार्किन्सन, ग्रेव्हज, ॲडिसन, कुशिंग. यातून रुग्णाला काय कळतं? शरीरात कुठे काय बिघडलंय याचा मागमूसही नाही. याउलट 'हेपॅटायटिस' घ्या. ग्रीक 'हेपार' म्हणजे यकृत, '-आयटिस' म्हणजे दाह. हा शेवटचा तुकडा एकदा ओळखीचा झाला की नेफ्रायटिस (मूत्रपिंड), गॅस्ट्रायटिस (जठर), आर्थ्रायटिस (सांधा) आपोआप उलगडतात. वैद्यकीय परिभाषेचं बळ या जोडणीत आहे.

बरं, व्यक्तिनामांचा गोंधळही कमी नाही. गलगंड, बटबटीत डोळे आणि छातीत धडधड असा थायरॉइडचा विकार रॉबर्ट ग्रेव्हजने १८३५ मध्ये मांडला आणि कार्ल फॉन बाझेडोने १८४० मध्ये. इंग्रजीत तो ग्रेव्हजचा झाला, जर्मनमध्ये आजही बाझेडोचा आहे. पर्सिव्हल पॉटच्या नावावर मणक्यांचा क्षय आहे आणि घोट्याचा अस्थिभंगही! दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

हान्स रायटरचं नाव तर काढावंच लागलं. नाझी राजवटीत हा माणूस मोठ्या पदावर होता, बुखेनवाल्ड छावणीतल्या कैद्यांवरच्या प्रयोगांशी त्याचा संबंध होता. त्याच्या नावाच्या आजाराला आता रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. रुग्णाने असल्या माणसाचं नाव जन्मभर का वागवावं?

अनुस्वार

रायटरबद्दल दुमत नाही. बाकी मुद्दा पटला नाही.

वर्णन करणारं नाव म्हणजे त्या काळची समजूत. समजूत चुकली की नाव खोटं पडतं. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये 'दूषित हवा'. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये डासाच्या शरीरात परजीवी दाखवला, तरी नाव हवेचंच राहिलं. इन्फ्लुएंझा म्हणजे ग्रहताऱ्यांचा प्रभाव. 'हिस्टेरिया' हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला, आणि त्या एका शब्दामुळे कितीतरी शतकं बायकांचं दुखणं नीट ऐकूनच घेतलं गेलं नाही.

'आर्टरी' म्हणजे धमनी पाहा. ग्रीक 'आर्टेरिया' हा शब्द श्वासनलिकेलाही होता. मृतदेहात धमन्या रिकाम्या दिसायच्या, म्हणून त्यांतून हवा वाहते असं काहींनी मानलं. त्यांत रक्त असतं हे दुसऱ्या शतकात गेलेन या ग्रीक वैद्याने दाखवलं. आपल्या 'धमनी'तही फुंकण्याचा अर्थ असलेला संस्कृत धातूच आहे.

आता तुम्ही पहिलंच नाव घेतलंत ते पार्किन्सनचं. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये आपलं नाव दिलंच नव्हतं. त्याने 'शेकिंग पाल्सी' म्हटलं, म्हणजे थरथरता पक्षाघात. छान वर्णन वाटतं ना? पण पुढे शार्को या फ्रेंच डॉक्टरच्या लक्षात आलं की या आजारात पक्षाघात होत नाही आणि थरथर प्रत्येकात असतेच असं नाही. वर्णन दोन्ही बाजूंनी चुकत होतं, म्हणून त्याने पार्किन्सनचं नाव सुचवलं. माणसाचं नाव आजाराबद्दल कसलाच दावा करत नाही. म्हणूनच ते टिकतं.

मध्यमा

अनुस्वार, शार्कोचा दाखला चांगला आहे, पण १९व्या शतकात आजाराचं कारण कळायला साधनं होती किती? आज मेंदूतल्या कोणत्या पेशी मरतात तेही ठाऊक आहे. तेव्हा वर्णन चुकलं म्हणून वर्णन करायचंच नाही, हे मला मान्य नाही. आणि 'मलेरिया' ऐकून कोणी हवेला घाबरत नाही. त्या शब्दातला जुना अर्थ मेला आहे, त्याला राहू द्या.

ओंजळ

मी परिचारिका आहे. नाव कुठून आलं यापेक्षा रुग्णाला ते कसं ऐकू येतं हे मला रोज दिसतं. 'हार्ट फेल्युअर' हे वर्णनच आहे. हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. त्यामुळे कागदावर हे शब्द वाचून घरचे रडायला लागतात, रुग्ण समोर बसून चहा पीत असतो! 'इसेन्शियल हायपरटेन्शन'चं तसंच. वेगळं कारण सापडत नाही असा रक्तदाब, इतकंच डॉक्टरांना म्हणायचं असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, हा रक्तदाब शरीराला आवश्यकच आहे, मग गोळी कशाला?

पार्किन्सन म्हटलं की निदान लोक विचारतात, म्हणजे काय हो? मग समजावून सांगता येतं.

अनुस्वार

अगदी हेच. शिवाय व्यक्तिनामाने माणसांची सुटकाही केली आहे. जॉन लँग्डन डाउनने १८६६ मध्ये मुलांच्या चेहऱ्यावरून 'मंगोल' हे वर्णन केलं. एका अख्ख्या जनसमूहाचा आणि त्या मुलांचाही तो अपमान होता. १९६१ मध्ये जनुकतज्ज्ञांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून तो शब्द टाकायची मागणी केली, १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने तो सोडला. मग रुळलं ते डाउन सिंड्रोम. आपल्याकडच्या 'महारोग' या शब्दाने माणसं घरातून हाकलली गेली. त्यापेक्षा 'हॅन्सनचा आजार' कितीतरी बरं.

मध्यमा

हॅन्सनचं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या. १८७३ मध्ये त्याने कुष्ठरोगाचा जंतू शोधला, हे मोठंच काम. पण पुढे एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिच्या संमतीशिवाय त्याने रोगट द्रव्य टोचलं. १८८० मध्ये खटला झाला आणि रुग्णालयातलं पद गेलं. ज्यांना कलंकातून सोडवायचं, त्यांच्या आजाराला हे नाव?

डाउनचं म्हणाल तर १९५९ पासून २१व्या गुणसूत्राची तिसरी प्रत हे कारण माहीत आहे. 'ट्रायसोमी २१' हे नाव कोणाचा अपमान करत नाही आणि खोटंही ठरणार नाही.

तळटीप

एक उदाहरण दोघांनीही घेतलं नाही. डायबेटिस मेलिटस म्हणजे मधुमेह. 'मेलिटस'मध्येही मधच आहे. डायबेटिस इन्सिपिडस हा वेगळाच आजार. त्यात लघवी भरपूर पण गोड नसते, म्हणून 'इन्सिपिडस', बेचव. बिघाड व्हासोप्रेसिन या संप्रेरकाचा, साखरेशी संबंध शून्य. तरी 'डायबेटिस' दिसला की कर्मचारी साखर तपासत बसायचे आणि ज्या औषधावर रुग्णाचा जीव अवलंबून, ते द्यायचं राहायचं. मृत्यूही झाले. २०२२ मध्ये तज्ज्ञांनी 'आर्जिनिन व्हासोप्रेसिन डेफिशियन्सी' (संप्रेरकाची कमतरता) असं नाव सुचवलं; मूत्रपिंडच संप्रेरकाला दाद देत नसेल तर 'रेझिस्टन्स'. मध्यमा, हा तुमच्या बाजूचा पुरावा. पण धोका झाला तोही वर्णनानेच, हे अनुस्वारच्या बाजूचं.

ओंजळ

हे नाव रात्रपाळीत घाईने कोण उच्चारणार? तरी बदल हवाच होता. नवं नाव आलं म्हणून जुनं लगेच खोडू नका, एवढीच विनंती. रुग्णाच्या जुन्या फायलीत एक नाव, नव्या कागदावर दुसरं, आणि बेशुद्ध माणूस तर काहीच सांगू शकत नाही. काही वर्षं दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहा, आणि त्यांच्या खाली मोठ्या अक्षरांत चुकवू नये अशा औषधाचं नाव.