अलेप्पीत हाउसबोटीवर रात्र काढावी का?

पाणवाट: नेत्रावती एक्सप्रेसने अलेप्पीला उतरायचं आणि हाउसबोटीत एक रात्र राहायचं, हा मुंबईहून जाणाऱ्यांचा ठरलेला बेत. माझं मत, राहू नये. भाडं दुपारी १२ ते सकाळी ९ असं २१ तासांचं. पण साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधतात, कारण नंतर मच्छीमार जाळी लावतात. जेवणाचा थांबा वजा केला की चालती बोट मिळते चार-पाच तास. तीही अरुंद कालव्यांत शिरत नाही, आणि कुट्टनाड, म्हणजे इथला भातशेतीचा सखल पट्टा, पाहायचा तर तिथेच! भातखाचरं समुद्रसपाटीच्या खाली, पाणी मातीच्या बांधाअलीकडे वर. होडीत बसून शेत बघायला मान खाली घालावी लागते. बस स्टँडजवळच्या जेट्टीवरून जलवाहतूक खात्याची बोट घ्या. नेडुमुडीपर्यंत पाण्याने, परत चंगनाश्शेरी रस्त्याने सरकारी बसने. इंजिनापासून लांबची, पुढची जागा धरा.

काठावरची: साफ असहमत. ती बोट गावकऱ्यांच्या रोजच्या येण्याजाण्याची आहे. शाळा-ऑफिसच्या वेळी उभं राहावं लागतं, धक्क्यावर क्षणभर टेकते तेवढ्यात चढा-उतरायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे कसं जमणार? हाउसबोटीत फसगत होते ती न विचारता पैसे भरल्यामुळे. एसी दिवसभर की फक्त रात्री ९ ते सकाळी ६? मार्ग कोणता? रात्री बांधणार कुठे? उत्तरं लेखी घ्या, आणि शक्यतो एका खोलीची लहान बोट बघा.

गोडंपाणी: दोघांनीही पाण्याचा विचार केलेला नाही. इथलं वेंबनाड सरोवर २००२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. भातात खारं पाणी शिरू नये म्हणून त्यावरच्या तण्णीरमुक्कम बंधाऱ्याची दारं साधारण डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत बंद असतात. खारं पाणी आत आलं की जलपर्णी मरते. ते अडलं की ती माजते, कालवे भरतात, बोटीच्या पंख्यात गुंतते. भरती-ओहोटीने पाणी धुऊन निघणंही थांबतं. नेमका हाच पर्यटनाचा हंगाम! त्या साचलेल्या पाण्यात डिझेल आणि मैला सोडणाऱ्या बोटीला पैसे देणं मला पटत नाही. मैल्याची टाकी कुठे रिकामी करता, हे आधी विचारा. वल्ह्याची होडी घेतलीत तर उत्तम, ती सकाळी सातच्या आत. नंतर ऊन सोसवत नाही.

पाणवाट: गुडघ्यांचा मुद्दा मान्य. पण त्यासाठी रात्र कशाला? दिवसाची हाउसबोट सकाळी अकराच्या सुमारास निघून संध्याकाळी पाचला परत येते. पाणी तेवढंच दिसतं.

काठावरची: पहाट दिसत नाही ना! जाळी काढणाऱ्या होड्या, खाचरांवरचे बगळे, इंजिन सुरू होण्याआधीचा तो तासभर दिवसाच्या बोटीत मिळत नाही. फक्त बोट पुन्नमडाच्या तोंडाशी, म्हणजे हाउसबोटी सुटतात तिथे, बांधू देऊ नका. तिथे बोटीला बोट लागते आणि शेजारच्यांचे जनरेटर रात्रभर चालतात. कैनकरी किंवा चंपक्कुळम या गावांच्या बाजूला बांधायला सांगा, तेही निघण्याआधी. साडेपाचला सांगून उपयोग नाही.