नुसती कॉपी म्हणता येणार नाही

काहीजण म्हणतात की आवडता टीव्ही हिरो उचलून कॉमिकमध्ये टाकला की ती कॉपीच. अर्धं पटतं. पण लेखक क्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी 1980 मध्ये एक्स-मेन या मार्व्हलच्या सुपरहिरो कॉमिकमध्ये आणलेला हेलफायर क्लब, म्हणजे श्रीमंत खलनायकांची गुप्त टोळी बघा, तो थेट 'द अ‍ॅव्हेंजर्स' या जुन्या ब्रिटिश मालिकेच्या (मार्व्हलवाले नव्हेत हां!) 1966 च्या एका भागावरून आलाय. त्यातली नायिका एमा पील, आणि इकडे कॉमिकमधल्या क्लबात एमा फ्रॉस्ट, नाव बघूनच कळतं. गंमत म्हणजे त्या भागात क्लबचा म्होरक्या झाला होता पीटर विंगार्ड, पुढे तो जेसन किंग नावाच्या टीव्ही हिरोमुळे गाजला, आणि क्लेअरमाँट-बर्ननी आपल्या व्हिलनचं नाव ठेवलं जेसन विंगार्ड! पण एमा पील गुन्हेगारांच्या मागे लागणारी आणि एमा फ्रॉस्ट सुरुवातीला चक्क खलनायिका, म्हणजे घेतलं काय तर रुबाब, बाकी सगळं उलटं.

मी हौसेने कॉमिक लिहितो तेव्हा मला नडतं ते वेगळंच. माझा डिटेक्टिव्ह एका टीव्हीवरच्या कमी बोलणाऱ्या हिरोवरून सुचलेला, पण टीव्हीवर नट नुसता थांबला तरी काम होतं, कागदावर ते थांबणं दिसतच नाही. शेवटी प्रत्येक उत्तराआधी एक बिनसंवादाची चौकट टाकायला लागलो, आणि तिथून तो हळूहळू त्या हिरोसारखा राहिलाच नाही.