जळगावातून हायवे टाळून सायकलिंग: लहान-मोठ्या सगळ्यांना झेपतील असे रस्ते कोणते?

मेहरूणची_सायकल

नमस्कार मंडळी. रविवारी आठ जणांचा गट जळगावहून निघणार आहे. त्यात एक ११ वर्षांचा मुलगा, साठीच्या आसपासचे दोघं, दोन अगदी नवखे आणि रोज ३०-४० किलोमीटर मारणारे तिघं. दोन रोडबाइक आहेत (२५ मिमी टायर), पाच हायब्रिड (रोडबाइकपेक्षा जाड टायरच्या), आणि एक बिनगिअरची साधी सायकल. मेहरूण तलावाच्या फेऱ्या मारून झाल्या, आता गावाबाहेर पडायचंय. धुळे-भुसावळ महामार्ग अजिबात नको. वाटेत बघण्यासारखं काही असावं आणि चहाची सोय असावी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी असा बेत आहे. मुलाला घेऊन पाटाच्या कडेने जाता येईल का, हेही सांगा.

पाटकरी

ताई, फक्त सायकलींसाठी राखलेला रस्ता मिळेल असं धरून निघू नका. आपल्या भागात रस्ता मोकळा आहे की नाही, हे त्या महिन्यात शेतातून काय निघतंय त्यावर ठरतं. रावेर-सावदा-फैजपूरकडे केळीची कटाई चालू असली की अरुंद डांबरी रस्त्यावर ट्रक अर्धा रस्ता अडवून भरत असतात. कापूस निघाला की गाड्या दोन्ही बाजूंनी हात-हातभर फुगलेल्या असतात आणि ड्रायव्हरला आरशात मागचं काही दिसत नाही. अशा गाडीच्या मागे-पुढे रेंगाळू नका, रस्त्याखाली उतरून तिला जाऊ द्या. म्हणून निघण्याआधी त्या गावातल्या कुणाला तरी फोन करून 'सध्या माल कुठून निघतोय' एवढं विचाराच.

पहिल्या रविवारी कानळदा करा. शिवाजीनगरकडून बाहेर पडायचं, एका बाजूने १०-१२ किलोमीटर, चढ जवळजवळ नाहीच. गिरणेकाठी कण्वाश्रम आहे, सावली आहे, बसायला जागा आहे. बिनगिअरच्या सायकलीलाही सहज जमतं. अडचण एकच, नदीकाठच्या रस्त्यांवर वाळूची वाहनं अंधारात जोरात पळतात. त्यामुळे नीट उजाडल्यावरच निघा, पहाटे पाचला निघायचा हौशी बेत इथे नको.

त्यानंतर पद्मालय. जळगाव ते एरंडोल हा भाग महामार्गाचा, तो टेम्पोत सायकली टाकून पार करा आणि एरंडोलपासून सायकलवर बसा. पुढे साधारण १० किलोमीटर. शेवटी टेकडीवर चढ लागतो, नवख्यांनी तो हातात सायकल धरून चढला तरी चालेल. वर तलाव, झाडी आणि गणपतीचं मंदिर आहे. संकष्टीला मात्र जाऊ नका, त्यातही अंगारकीला तर नाहीच. त्या दिवशी रिक्षा आणि दुचाकींमुळे सायकलला वाटच उरत नाही.

आता पाटाचं. तापीवरच्या हतनूर धरणाचा उजवा कालवा सातपुड्याच्या अलीकडून रावेर, यावल, चोपडा असा जातो. गिरणेचा जामदा कालवा चाळीसगाव-भडगावकडे आहे. काठाने तपासणीचा रस्ता असतो, बहुतेक ठिकाणी एकाच बाजूला आणि मुरमाचा. केळीच्या बागा, पाण्यावरचे बगळे, मागे सातपुड्याची निळी रांग, इतकं शांत सायकलिंग दुसरीकडे मिळणार नाही. पण चार गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा.

आवर्तन (पिकांसाठी पाळीने पाटाला सोडलेलं पाणी) चालू आहे का, हे पाटबंधारेच्या चौकीवर आधी विचारा. रब्बीची आवर्तनं नेमकी तुमच्याच महिन्यांत असतात. अस्तरीकरण केलेल्या पाटाची बाजू उतरती असते आणि पाण्याच्या रेषेला शेवाळ धरलेलं असतं. तिथे पाय टिकत नाही, धरायला काही नसतं, पोहणारा माणूसही वर येऊ शकत नाही. पाणी चालू असताना मुलाला नेऊच नका. पाणी बंद असलं तरी मूल शेताच्या बाजूला आणि मोठा माणूस पाटाच्या बाजूला, असंच चालवा. गटात १० मीटर दोर असू द्या. आत पडलेल्याच्या मागे उडी मारायची नाही, काठावरून दोर टाकायचा.

दुसरं, नाला आला की पाट जलसेतूवरून पलीकडे जातो आणि रस्ता खाली नाल्यात उतरतो. सेतूच्या कठड्यावरून सायकल ढकलत न्यायचा मोह होतो. तो टाळा, खाली उतरा, सायकल उचलून पार करा.

तिसरं, काळी माती. एक सर पडली तरी टायर आणि फोर्कच्या मध्ये चिखल असा घट्ट बसतो की चाक फिरत नाही, आणि जोर लावून ढकललं तर मागचा गिअर (डिरेलर) ज्या पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर वाकतो. पाऊस झाला की दोन दिवस कडक ऊन पडू द्यायचं, मगच जायचं. तरी अडकलात तर थांबून काडीने माती काढा, मडगार्ड असेल तर सोडवून टाका.

चौथं, चारीवरून (पाटाच्या लहान फाट्यावरून) बागेत शिरणाऱ्या वाटेवर ठिबकच्या नळ्या आडव्या पडलेल्या असतात. त्यांच्यावरून सायकल घालू नका, उचलून न्या. शेतकऱ्याची नळी फुटली तर पुढच्या सायकलवाल्याला ती वाट बंदच होते.

२५ मिमीच्या रोडबाइक पाटावर आणू नका. त्या दोघांनी त्या दिवशी दुसरी सायकल मागून घ्यावी.

लळिंगचा_वारा

धुळ्याकडे यायचं झालं तर नकाणे तलाव. देवपूर ओलांडून गोंदूरच्या बाजूला. शहराला पिण्याचं पाणी इथूनही जातं, त्यामुळे पाण्यात उतरू नका. हिवाळ्यात पक्षी भरपूर. लहानांना झेपेल इतकंच अंतर आहे. लळिंगचं कुरण सुंदर आहे, पण तिथवरचा रस्ता म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग. सायकली गाडीत घालून नेल्या तरच.

वाऱ्याचं मात्र सांगायलाच हवं. तापीचं खोरं पश्चिमेला उघडं आहे. साक्रीच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. हिवाळ्याच्या सकाळी त्रास नाही, पण फेब्रुवारीच्या शेवटापासून दुपारकडे पश्चिमेचा वारा उठायला लागतो. तेव्हा जाताना पश्चिमेकडे जा आणि येताना पूर्वेकडे या, म्हणजे थकलेल्या पायांना वारा पाठीशी मिळेल. उलट केलंत तर साठीच्या माणसांना शेवटचे दहा किलोमीटर फार जड जातात.

मेहरूणची_सायकल

पाटकरी भाऊ, दोराचं लक्षात आलं, मनापासून आभार. पाट आता पाणी बंद असतानाच करू. पण मेहरूणच्या फेरीतच दोन पंक्चर झाले, दोन्ही वेळा काटा. मुरमाच्या रस्त्यावर काय होईल? हायब्रिडला टायर ३५ मिमी आहेत. आणि बिनगिअरच्या सायकलीवाल्याला पद्मालयचा चढ चालवतच चढायचाय.

काटेमुक्त

आपल्याकडे काटे दोन प्रकारचे, आणि दोघांचा इलाज वेगळा.

सराटा जमिनीलगत पसरतो. पाऊस संपला की त्याची काटेरी फळं वाळून रस्त्याच्या कडेला पडतात. कशीही पडली तरी एक टोक वरच राहतं. डांबराच्या अगदी कडेला चालवलं की हाच लागतो. उपाय सोपा, कडेपासून दोन वीत आत चालवा आणि सायकल गवतात आडवी टाकू नका.

बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा लांब आणि चिवट. खरीप निघाल्यावर बांधावर कुंपणासाठी फांद्या तोडतात, ट्रॅक्टरवर वाहतात आणि वाटभर काटे सांडतात. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, तुमचाच मोसम. हा काटा ओढून काढताना टोक टायरच्या आत मोडतं. बाहेरून काही दिसत नाही, ट्यूब बदलता आणि दोन किलोमीटरवर पुन्हा हवा जाते. म्हणून जुन्या ट्यूबचं भोक आधी शोधा, व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे बघा आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर आतून सुती चिंधी फिरवा. चिंधीचा धागा जिथे अडकेल तिथे टोक आहे. उघडं बोट फिरवू नका, रक्त निघतं. टोक चिमट्याने आतल्या बाजूने काढा. चिमटा किटमध्ये हवाच.

३५ मिमीच्या टायरला आत काटारोधक पट्टी घाला. पट्टीची टोकं जिथे एकमेकांवर येतात तिथे ट्यूब घासून फाटते, म्हणून टोकं गोल कापा आणि त्यांच्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा. ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) भरणार असाल तर व्हॉल्व्हचा गाभा निघणारी ट्यूब घ्या आणि प्रत्येकीत ६० मिली भरा. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकून जातं, तेव्हा मे महिन्यात भरलेल्यावर ऑक्टोबरमध्ये विसंबू नका.

दाब: ७० किलोच्या माणसाला ३५ मिमीमध्ये डांबरावर ५५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मुरमावर ४५. रोडबाइकच्या २५ मिमीला ८५ पुरे. ११० भरून ठेवतात ते चूक, खडबडीत डांबरावर सायकल उडत राहते आणि मनगटं दुखतात. मुलाच्या सायकलीत ३५ भरा, वजन कमी आहे. आणि रोडबाइकचे बारीक व्हॉल्व्ह असतील तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याकडचा पंप फक्त जाड व्हॉल्व्हला बसतो. एवढीशी वस्तू, पण ती नसली की सगळा गट अडून बसतो.

बिनगिअरच्या सायकलीला मागची फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चकती) बहुधा १८ दातांची असते. २० दातांची बसवा, दहा टक्के हलकी होते. सपाटीवर पाय थोडे जास्त फिरतील. पद्मालयचा शेवटचा चढ तरीही सगळा चढेल असं नाही.

शहादेकर

त्या तीन तयार गड्यांना तोरणमाळ सुचवतो. शहादा ते तोरणमाळ पन्नास किलोमीटरच्या वर. म्हसावद, राणीपूर, काळापाणी असा रस्ता, शेवटी सात पायरीचा घाट. वर उंची साधारण ११५० मीटर, म्हणजे हजारेक मीटर चढायचं. पुढे ३४ दातांची लहान चकती आणि मागे मोठी चकती ३२ दातांची असलेली कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) नसेल तर गुडघ्यांना त्रास होईल. काळापाणीनंतर पाण्याची खात्री धरू नका, प्रत्येकी दोन लिटर न्या. उतरताना रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासणारे) सतत दाबून धरले तर रिम तापते आणि ट्यूब फुटते. पुढचा-मागचा आळीपाळीने दाबा, मध्ये थांबून रिमला हाताच्या पाठीने चटका बघा.

बाकी मंडळींना गाडीने वर आणा. यशवंत तलावाच्या आसपास आणि सीताखाईपर्यंत माथा बराच सपाट आहे, ११ वर्षांचा मुलगा आरामात फिरेल. असं केलं तर सगळे एकाच जागी जेवायला भेटतात.

महाशिवरात्रीला तिथे यात्रा असते आणि घाट जीपगाड्यांनी भरतो. ऊसतोड सुरू झाली की शहाद्याच्या आसपास दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, त्यांच्या मागच्या ट्रॉलीला अनेकदा दिवाच नसतो. अंधारात त्या पट्ट्यात नको. सारंगखेड्याचा रस्ता दत्त जयंतीच्या घोडेबाजारात टाळा.

पाटणादेवी_वाट

चाळीसगाव ते पाटणादेवी कुणी सुचवलंच नाही! १८ किलोमीटर, शेतं संपली की जंगल सुरू, समोर डोंगराची भिंत आणि पायथ्याशी मंदिर. हे गौताळा अभयारण्य आहे आणि बिबट्याचा वावर आहे. नाक्यावर नोंद करा आणि चारच्या आत परत फिरा. मुलाला सगळ्यांत पुढे किंवा मागे एकटं सोडू नका. चाळीसगावातूनच निघा, पलीकडच्या कन्नड घाटात सायकल घालू नका.

मिश्र गटासाठी इथे एक रीत छान चालते. ठिकाण ठरवू नका, वेळ ठरवा. सगळे सातला निघाले तर सव्वाआठला जो जिथे असेल तिथून त्याने वळायचं. तयार मंडळी मंदिरापर्यंत पोचलेली असतील, नवखे मधूनच फिरतील, आणि परतताना वेगवान मागून येऊन गाठतील. चाळीसगावच्या चहाच्या टपरीवर सगळे पाच-दहा मिनिटांच्या फरकाने येतात. मुलाबरोबर एक मोठा माणूस ठरलेला हवा, त्याने त्या दिवशी वेगाचा विचार करायचा नाही. पंप आणि चिमटा त्याच्याकडेच द्या.