समुद्रविंचवाच्या जीवाश्माचं एक वल्हं रंगवलेलं वाटतंय, खात्री कशी करू?

टूलरूम_चिंचवड

नमस्कार मंडळी. मी चिंचवडला राहतो. ३१ वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो, आता निवृत्त आहे. दगड गोळा करायचा नाद जुना. वाघोलीच्या खाणीतल्या गारगोट्यांनी शोकेसचे दोन कप्पे भरलेत. पण जीवाश्म माझ्याकडे एकच आहे, आणि प्रश्न त्याच्याबद्दलच आहे.

माझा भाचा अमेरिकेत बफेलोला असतो. गेल्या दिवाळीला येताना त्यानं माझ्यासाठी युरिप्टेरिडची पाटी आणली. समुद्रविंचू म्हणतात तोच प्राणी. तिकडच्या एका खनिज-प्रदर्शनातल्या स्टॉलवरून घेतली आणि लोकरीच्या मोज्यात गुंडाळून केबिन बॅगेतून आणली. पाटी राखाडी, बारीक पोताची. प्राणी डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत १३२ मिमी, वर्नियरनं मोजलाय. रंग चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी. डोक्याच्या ढालीवर काजूच्या आकाराचे दोन डोळे, आणि त्यांच्या मध्ये, १० पटीच्या भिंगातून पाहिलं तरच दिसतात असे खसखशीएवढे दोन ठिपके. मागे १२ खंड. पहिले ७ रुंद, नंतरचे ५ निमुळते होत गेलेले, आणि शेवटी सुळा. पाटी आली त्या रात्री मिसेसनी टेबललॅम्प धरला आणि मी तीनदा मोजले. ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या जिवाचे खंड आपल्या डायनिंग टेबलावर बसून मोजायला मिळतात, हे मला अजून खरं वाटत नाही.

आता अडचण. जुलैपासून चौथ्या खंडावरचा तपकिरी पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा एका कडेनं उचलला जातोय. तो बघताना टॉर्च आडवी धरली आणि वल्ह्यांकडे, म्हणजे पोहायच्या चपट्या पायांकडे, लक्ष गेलं. टूलरूममध्ये सरळपट्टी उजेडाविरुद्ध धरून पृष्ठभाग तपासायची सवय असते, तसंच केलं. डाव्या वल्ह्याच्या प्रत्येक सांध्याला सावली पडते. उजवं मात्र सपाट. सावलीच नाही. रंग तोच, आकार तोच, पण दगडावर काढल्यासारखं.

इथला एक फ्रेमवाला म्हणाला, वरून वॉर्निश मारतो, पापुद्राही बसेल आणि चकाकीही येईल. मी पाटी परत घेऊन आलो. कृपया सांगा: उजवं वल्हं खरं की खोटं हे दगडाला इजा न करता कसं ओळखायचं? पापुद्रा कसा बसवायचा? आणि असं काही आपल्या पुण्याच्या आसपास सापडू शकतं का?

शिलालेखा, बाणेर

काका, पाटी परत आणलीत हे फार चांगलं केलंत. वॉर्निश पिवळं पडतं, पापुद्र्याच्या खाली शिरतं आणि मग कुणालाच काढता येत नाही. मी भूशास्त्रात एमएस्सी केलंय आणि काही वर्षं जीवाश्म साफ करायचं काम केलंय, त्यावरून सांगते.

तुमचं निरीक्षण बरोबर वाटतंय. युरिप्टेरिडच्या बाजारात दोन गोष्टी नेहमी दिसतात. एक म्हणजे दोन-तीन तुटक्या नमुन्यांचे भाग जोडून एक अख्खा प्राणी करणं. दुसरी, नसलेला अवयव ब्रशनं रंगवणं. तुम्ही खंड मोजलेत ते उत्तम, कारण जोडकामात बऱ्याचदा तिथेच चूक होते. १२ नीट भरत असतील आणि ते खसखशीएवढे ठिपके, म्हणजे मधले डोळेही दिसत असतील, तर धड खरं असायची शक्यता बरीच आहे.

आधी नोटा तपासायची जांभळी टॉर्च घ्या आणि पूर्ण अंधारात बघा. भरलेला लांबी-गोंद आणि रंग पुष्कळदा दगडापेक्षा वेगळे चमकतात. चमकले नाहीत म्हणून खरं, असं मात्र नाही. मग शुद्ध अ‍ॅसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. कापसाचा बड जेमतेम ओला करा आणि उजव्या वल्ह्याच्या बाहेरच्या कडेला फक्त टेकवा, घासू नका. कापसावर तपकिरी आलं तर तो रंग. पापुद्र्याच्या जवळपास हा प्रयोग अजिबात करू नका. आणि अ‍ॅसिड तर कुठेच नको.

पापुद्र्याला पॅरालॉइड बी-७२, हे एक प्रकारचं अ‍ॅक्रिलिक राळ. संग्रहालयात डागडुजी करणारे हेच वापरतात, कारण पुढे कुणाला काढायचं झालं तर अ‍ॅसिटोननं विरघळतं. १०० मिली अ‍ॅसिटोनमध्ये ५ ग्रॅम, रात्रभर ठेवून पूर्ण विरघळू द्या. शून्य नंबरच्या ब्रशनं उचललेल्या कडेला एक थेंब टेकवा, तो स्वतःच आत ओढला जातो. मग सिलिकॉन कागद ठेवून बोटानं हलकं दाबा. फेविक्विकचा मोह टाळा. पाटी पावसाळी ओल येणाऱ्या भिंतीजवळ आणि खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

एक विचारते. सोबत चिठ्ठी होती का? कुठल्या खाणीतला, कुठल्या थरातला?

कातळवाट

तिसऱ्या प्रश्नापुरतं बोलतो. नाही सापडणार. आपल्या पायाखाली सगळा काळा कातळ, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तुमचा प्राणी त्याच्या सुमारे पस्तीस कोटी वर्षं आधीचा. शिवाय युरिप्टेरिड २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियनच्या शेवटच्या महाविनाशात संपले. सिंहगडावर कितीही फिरलात तरी गारगोट्याच मिळतील. जीवाश्म बघायचेच तर गडचिरोलीत सिरोंचाकडे झाडांचे आहेत. आणि देवघरात शाळिग्राम असेल तर तो बघा. गंडकीतला तो अमोनाइटचा, म्हणजे शंख असलेल्या एका समुद्रजीवाचा जीवाश्म, जुरासिक काळातला. पुण्यात कितीतरी घरांत जीवाश्माची रोज पूजा होते.

विज्ञानशिक्षक_सहकारनगर

काका, मुलांना दाखवायला फोटो टाकाल का? नावाबद्दल थोडं. हा विंचू नव्हे. विंचू, कोळी आणि ओडिशाच्या बालासोर किनाऱ्यावर येणारे हॉर्सशू क्रॅब यांच्या मोठ्या कुळातला. सगळे समुद्रात राहणारेही नव्हते. १८१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल मिचिल यांनी पहिला नमुना पाहिला तेव्हा त्यांना तो मासा वाटला, कॅटफिशच्या जातीतला. १८२५ मध्ये जेम्स डी के यांनी तो संधिपाद प्राणी असल्याचं ओळखलं आणि युरिप्टेरस रेमिपीस नाव दिलं. रेमिपीस म्हणजे वल्ह्यासारख्या पायाचा. म्हणजे तुम्ही जिथे शंका घेतलीत, त्याच अवयवावरून जातीचं नाव पडलंय. १९८४ पासून तो न्यूयॉर्कचा राज्य-जीवाश्म आहे. तुमचा १३ सेंटीमीटरचा, पण जर्मनीत एका भाऊबंदाची ४६ सेंटीमीटरची पकड, म्हणजे पुढचा चिमटा, सापडली. तिच्यावरून त्याची लांबी अडीच मीटर धरतात.

टूलरूम_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार. कातळवाट, आमच्या देवघरात शाळिग्राम आहे, सासूबाईंकडून आलेला. काल भिंगातून पहिल्यांदा नीट बघितला.

ताई, चिठ्ठी होती, अर्धी फाटलेली. त्यावर 'बर्टी' आणि 'हर्किमर' एवढंच वाचता येतं. भाचा मात्र म्हणतो, स्टॉलवाल्यानं बफेलोजवळचा सांगितला.

शिलालेखा, बाणेर

मग हे सोडवायला हवं. बर्टी हा थरांचा गट दोन्हीकडे आहे, पण हर्किमर हे न्यूयॉर्क राज्यातलं ठिकाण बफेलोच्या पूर्वेला ३०० किलोमीटरहून लांब. हर्किमरकडे मुख्यतः रेमिपीस मिळतो, बफेलो आणि पलीकडे कॅनडात फोर्ट एरीला लॅकस्ट्रिस, ही युरिप्टेरसची दुसरी जात. दगड दोन्हीकडे जवळपास सारखाच, ज्याला तिकडे वॉटरलाइम म्हणतात. भाजून दळला की पाण्यातही घट्ट होणारं सिमेंट व्हायचं, म्हणून खाणी निघाल्या आणि हे प्राणी उजेडात आले. ठिकाण चुकलं तर अभ्यासकाला तुमच्या नमुन्याचा उपयोग राहत नाही, मग तो कितीही देखणा असो. भाच्याला उरलेली अर्धी चिठ्ठी शोधायला सांगा.

टूलरूम_चिंचवड

रविवारी बसलो. जांभळ्या टॉर्चखाली उजवं वल्हं दुधाळ दिसलं, डावं काळंच राहिलं. बड टेकवला आणि कापूस तपकिरी झाला. मग ठरवलं की सगळंच काढायचं. दीड तास लागला, २२ बड गेले. खाली कोरा दगड निघाला, फक्त मुळाशी ६ मिमी खरा सांधा, आडव्या उजेडात सावली पडणारा. रंगवणाऱ्यानं तोही झाकला होता.

मिसेस म्हणाल्या, आता लंगडा दिसतोय. दिसतोय खरा. पण तो ६ मिमीचा सांधा मी रात्री पुन्हा पुन्हा बघितला. रंग होता तोवर मला तो दिसलाच नव्हता.

पापुद्रा दोन थेंबांत बसला. भाच्याला बॅगेच्या आतल्या खिशात उरलेली चिठ्ठी सापडली, फोटो पाठवलाय: 'फिडलर्स ग्रीन'. ताई, हा हर्किमरकडचाच थर ना? तसं असेल तर नव्या चिठ्ठीवर रेमिपीस लिहितो. खाली एक ओळ आधीच लिहून ठेवलीय: उजवं वल्हं नाही, रंग काढला.

शिलालेखा, बाणेर

हो काका, हर्किमरचे रेमिपीस त्याच थरातून येतात. लिहा. जुनी चिठ्ठी फेकू नका, दोन्ही तुकडे त्याच डबीत ठेवा.