मदत हवी आहे: भावाचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहिलेल्या बहिणीला भरपाई मागता येते का?

नमस्कार मंडळी,

माझा मामेभाऊ चार महिन्यांपूर्वी सातारा रस्त्यावर ट्रकच्या धडकेत गेला. दुचाकीवर मागे त्याची धाकटी बहीण होती. तिला नुसतं खरचटलं, पण तेव्हापासून झोप नाही, मोठा हॉर्न वाजला की थरथरते, कॉलेज सुटलंय. मानसोपचार चालू आहेत. मामा-मामींनी मोटार अपघात दावा ट्रिब्युनलमध्ये (अपघाताची भरपाई ठरवणारं न्यायाधिकरण) दावा लावलाय.

वकीलसाहेब म्हणतात, उत्पन्नाचं नुकसान त्याच्या पगारावरून निघेल, दुःखाची रक्कम मात्र ठरलेली. 2017 च्या प्रणय सेठी निकालात सुप्रीम कोर्टाने कन्सॉर्टियमचे, म्हणजे माणसाचा सहवास गमावल्याचे, 40,000 रुपये बांधून दिले, दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ. 2018 च्या निकालानंतर ते आईवडिलांनाही मिळतात. माया-प्रेम गमावल्याचे वेगळे पैसे 2020 मध्ये बंद झाले. बहिणीला सहसा यात धरत नाहीत, जरी 2018 च्या त्याच निकालात वडिलांसोबत मृताच्या बहिणीलाही ही रक्कम दिली होती.

रक्कम बांधण्यामागचं कारण मला पटतं. एकाच दुःखाला एका कोर्टात काही हजार आणि दुसरीकडे लाख, हाही अन्यायच होता. पण नुसतं नातं बघायचं आणि माणसाची अवस्था बघायचीच नाही, हे मला मान्य नाही. स्कॉटलंडच्या 2011 च्या कायद्यात भावंडांनाही शोकाची भरपाई मागता येते आणि रक्कम कोर्ट प्रकरण पाहून ठरवतं. आपल्याकडेही जखमी माणसाच्या वेदनांना अशी बांधलेली रक्कम नाही; 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका जखमीला त्यापोटी 15 लाख दिले.

म्हणून जाणकारांना विचारतोय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली (अपघाताच्या भरपाईचा दावा) बहिणीने स्वतः जखमी म्हणून वेगळा दावा लावला तर मानसिक आजार ही इजा धरतात का? मुंबई हायकोर्टाचा असा एखादा निकाल कुणाला माहीत आहे का? मानसोपचारतज्ज्ञांचं सर्टिफिकेट पुरतं, की सरकारी रुग्णालयाचंच लागतं? डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं का?

भावंडांचा कायद्यात समावेश व्हावा म्हणून खासदारांना आणि रस्ते वाहतूक मंत्रालयाला निवेदन द्यायचंय. कुणी मसुदा तपासून देईल का?

एप्रिल 2022 पासून कायद्यात दाव्याला अपघातापासून सहाच महिन्यांची मुदत आहे. तिच्या दाव्याबद्दल आधी सांगा, निवेदनाचं नंतर बघू.