पडझडीपेक्षा बँका बुडणं जास्त महागात पडलं
१९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला म्हणून अमेरिकेतली महामंदी दहा वर्षं चालली, हे म्हणणं मला पटत नाही. ती लांबली बँका बुडाल्यामुळे. १९३० ते १९३३ मध्ये हजारो बँका गेल्या, ठेवींना विमा नव्हता, आणि देशात फिरणारा पैसा जवळपास एक तृतीयांशाने आटला. भाव पडले, पण कर्जाचा आकडा तोच! तेवढंच कर्ज फेडायला शेतकऱ्याला दुपटीहून जास्त गहू विकावा लागे. त्यात ऑक्टोबर १९३१ मध्ये सोनं देशाबाहेर जाऊ नये म्हणून फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर दीडवरून साडेतीन टक्क्यांवर नेला, म्हणजे कर्ज आणखी महाग! १९३३ नंतर जरा सावरत होतं, तर १९३६-३७ मध्ये बँकांनी कर्जाऊ न देता सक्तीने बाजूला ठेवायची राखीव रक्कम दुप्पट केली, सरकारी खर्चही कापला, आणि बेकारी पुन्हा उसळली.