मदत हवी आहे: कुंड्यांमधली काळी चिलटं काही केल्या जात नाहीत

खिडकीतली_बाग:
घरात ६ कुंड्या आहेत: दोन मनीप्लांट, एक पीस लिली, एक स्नेक प्लांट, तुळशीची दोन कोवळी रोपं. मिश्रण अर्धं कोकोपीट, अर्धं गांडूळखत. मुंबईचा पाऊस, त्यामुळे खिडक्या बंदच. पाणी एक दिवसाआड. पाणी घातलं की मातीतून २-३ मिमीची काळी चिलटं उठतात. डासांचा स्प्रे मारला, वर दालचिनी भुरभुरली. चार दिवस कमी होतात, मग पुन्हा तेवढीच. आता तुळस मान टाकतेय. सगळी माती फेकून द्यावी का?

मातीवेडा:
फेकू नका. आधी खात्री करा. बटाट्याची अर्धा इंच जाड चकती मातीत हलकी दाबून ठेवा आणि दोन दिवसांनी उलटून बघा. दोऱ्यासारख्या, काचेसारख्या पारदर्शक अळ्या दिसतील, टोकाला चकचकीत काळं डोकं. शरीरातून आतड्याची गडद रेघही दिसते. असं असेल तर ही फंगस नॅट. मातीवर पांढुरकं काही टुणटुण उड्या मारत असेल तर ते स्प्रिंगटेल, त्यांना खुशाल राहू द्या.

स्प्रेने फक्त उडणारी मरतात. एक मादी शंभराच्या वर अंडी घालते, आणि अंड्यापासून चिलटापर्यंत साधारण ३-४ आठवडे लागतात. म्हणजे खाली पुढची फौज तयारच असते. अळ्या वरच्या दोन इंचांत राहतात, बुरशी आणि कुजकं खातात. मोठ्या मनीप्लांटला त्याचं फारसं काही नाही, पण रोपांची केसासारखी मुळं कुरतडली जातात. तुळशीचं तेच झालं असणार.

खरी चूक मिश्रणात आणि पाण्यात आहे. कोकोपीट वरून भुरकट, सुकं दिसतं आणि खाली चिंब असतं. त्यात निम्मं गांडूळखत म्हणजे अळ्यांना पंगतच. बोट दोन इंच आत घालून कोरडं लागल्याशिवाय पाणी नको. स्नेक प्लांट तर पूर्ण सुकू द्या. पीस लिली आणि तुळस इतकी कोरडी चालत नाहीत, त्यांना खालून पाणी: टबात २० मिनिटं ठेवा, काढा, निथळू द्या. बशीत साचलेलं पाणी लगेच ओता.

निंबोळी:
सोबत पिवळे चिकट सापळे मातीलगत लावा. त्यांनी प्रश्न सुटत नाही, पण दर आठवड्याला मोजलं की उपाय लागू पडतोय का ते कळतं.

अळ्यांसाठी बीटीआय, म्हणजे अळ्या मारणारा जिवाणू (बॅसिलस थुरिंजिएन्सिस, प्रकार इस्रायलेन्सिस). इथे फार जण फसतात: कृषी सेवा केंद्रात नुसतं 'बीटी' मागितलं तर बहुधा त्याच जिवाणूचा दुसरा प्रकार, कुर्स्टाकी, हातात देतात. ते पतंगांच्या अळ्यांवरचं, इथे निरुपयोगी. लेबलवर 'इस्रायलेन्सिस' वाचूनच घ्या (डासांच्या अळ्यांसाठी विकतात तेच). लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात कालवून मातीत ओता. दर ७ दिवसांनी, किमान ४ वेळा. अंडी आणि कोष त्याने मरत नाहीत, म्हणून मध्येच थांबलात की पहिल्यापासून सुरुवात.

खिडकीतली_बाग:
बीटीआय येईपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड चालेल? आणि वर वाळूचा थर?

मातीवेडा:
पेरॉक्साइड चालेल, पण टक्केवारी बघा. औषधाच्या दुकानात बरेचदा ६ टक्के (२० व्हॉल्यूम) मिळतं. त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के होतं. मग त्याचा एक भाग, साधं पाणी चार भाग. माती फसफसते, ज्या अळ्यांना थेट लागतं त्या मरतात, पण परिणाम टिकत नाही. चांगले सूक्ष्मजीवही मरतात, म्हणून बीटीआयच्या दिवशी नको.

वाळूच्या भरवशावर राहू नका. चिलटं तळाच्या भोकांतूनही शिरतात, शिवाय खालची ओल दिसेनाशी होते. तुळस मात्र आजच बाकीच्या कुंड्यांपासून लांब, उन्हाच्या खिडकीत हलवा. आणि त्या बटाट्याच्या चकत्या कंपोस्टच्या डब्यात टाकू नका, साबणाच्या पाण्यात बुडवा.